स्वतःची मतं बनवताना तर्क आणि मोकळी चर्चा यांना किती महत्त्व द्यावं? घरी विषय काढला की भांडणच होतं.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वडील पत्रिका जुळल्याशिवाय एकही स्थळ पुढे जाऊ देत नाहीत, कारण विचारलं की "तू फार शिकलीस" एवढ्यावर विषय संपतो, आणि मग वाटतं की तर्क आणि चर्चा हे सगळं पुस्तकातच बरं. पत्रिकेचंच उदाहरण घेऊन उत्तर देतो. मराठी घरांत हा वाद जितका झालाय तितका क्वचितच दुसरा कुठला झाला असेल.

महत्त्व भरपूर द्यावं. पण चर्चेला बसण्याआधी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितलेली हवी: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? हे न ठरवता घातलेला वाद म्हणजे पंचाशिवाय कबड्डी. दम तुटला तरी कुणी मान्य करत नाही.

पुण्यात २००८ साली हे फार नीट करून दाखवलं गेलं. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, त्यामुळे ज्योतिषी काय हरकत घेईल हे त्यांना आतून ठाऊक. २०० मुलांच्या जन्माचे तपशील गोळा केले. त्यातली १०० मुलं अभ्यासात हुशार, १०० मतिमंद. पत्रिका मांडून त्या मिसळल्या आणि कोणती पत्रिका कुणाची याची नोंद विद्यापीठात बंद ठेवली. भाग घेणाऱ्या ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्याने फक्त सांगायचं, हे मूल हुशार की मतिमंद. बुद्धीचा योग पत्रिकेत दिसतो असं ज्योतिषी एरवी छातीठोकपणे सांगतात, त्यामुळे प्रश्न त्यांच्याच अंगणातला होता. पद्धतही आधी जाहीर केलेली.

५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांची. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर.

आता गंमत बघा. सर्वांत पुढे असलेल्या ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरं बरोबर होती. हा आकडा ऐकला की कुणीतरी म्हणतंच, "बघा, बाकीचे भोंदू असतील, पण एकाला जमतं ना!" कागद-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं नाणं उडवून ४० पैकी २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात तेराच्या आसपास. म्हणजे २७ माणसं रिकामटेकडी नाणी उडवत बसली, तर त्यांतल्या तीन-चार जणांना तेवढे गुण सहज मिळतात. इथे एकालाच मिळाले. शंभरात एकाहून कमी शक्यतेचं काही हवं असेल तर ४० पैकी निदान २८ लागतात.

मला या चाचणीत निकालापेक्षा क्रम आवडतो. आधी दावा काय ते स्पष्ट करून घेतलं, मग कसोटी सांगितली आणि उत्तरं त्यानंतर मागवली. आपण घरी बरोब्बर उलटं करतो. निकाल आधी, आरडाओरडा मधे आणि दावा नेमका काय होता हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नाही. आणि हो, या चाचणीने सगळं ज्योतिष खोटं ठरलं असं मी म्हणत नाही. एक दावा तपासला गेला, २७ जणांकडून. लग्न टिकतं का, हे त्यात पाहिलंच नव्हतं. ज्योतिषांना ती कसोटी पटली नसेल तर त्यांनी याहून चांगली सुचवावी, मी आनंदाने बघेन.

घरी हे कसं करायचं? माझ्या आत्याचं सांगतो. मुलीचं एक चांगलं स्थळ "मुलगा मंगळाचा आहे" म्हणून ती सोडायला निघाली होती. मी तिला ज्योतिष खरं की खोटं हे विचारलंच नाही. विचारलं, "आत्या, मंगळ कुठे असला की पत्रिका मंगळाची होते?" ती चटकन म्हणाली, "पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या नाहीतर बाराव्या घरात." म्हटलं, बारा घरांपैकी पाच झाली. म्हणजे ढोबळमानाने शंभरातली एकेचाळीस-बेचाळीस माणसं मंगळाची निघणार. आपल्या वाड्यात, तुझ्या माहेरी, सासरी मिळून किती जोडपी असतील ती मोज आणि त्यांतल्या किती घरांत मंगळामुळे म्हणतात तसं अघटित घडलं ते तूच सांग.

ती बोटं मोजायला लागली. मग म्हणाली, "पण त्याला परिहार, म्हणजे दोष टळायचे अपवाद, असतात रे. गुरुची दृष्टी असली की चालतं." ठीक, म्हटलं, मग परिहार सोडून उरलेले किती? ते गुरुजींनाच विचारावं लागेल, असं ठरलं. मधेच तिने तो नेहमीचा टोला मारलाच: "म्हणजे इतकी वर्षं आमचे वाडवडील वेडेच होते म्हणायचं!" हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात खरं काहीतरी आहे. पुष्कळ लोकांनी पुष्कळ वर्षं जपलेली गोष्ट बिनबुडाची असेलच असं नाही. पण ती खरी असेल तर मोजल्यावरही खरीच निघेल, एवढंच मी तिला म्हटलं. वाडवडिलांनी देवीच्या लसीलाही आधी विरोध केला आणि मग घेतलीच की!

मला तिचं एक आवडलं, ती आपल्या दाव्यावर ठाम राहून बोलत होती. आमचे काका तसे नाहीत. ते "एकनाड म्हणजे रक्तगट एक, ऋषींना आधीच ठाऊक होतं" असं सांगतात. नाड म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारा पत्रिकेतला गट, आणि दोघांची एकच आली की लग्नाला दोष मानतात. नाड्या तीन, नक्षत्रं २७, एकेका नाडीला नऊ. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे एकाच प्रसूतिगृहात काल जन्मलेल्या आणि आज जन्मलेल्या बाळाची नाड बहुधा वेगळी. रक्तगट मात्र आईबापांकडून येतो, तो आकाशाकडे बघून ठरत नाही. बरं, बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात खरोखर लक्ष द्यावं लागतं, पण त्यासाठी इंजेक्शन आहे, आणि तो प्रश्न दोघांचे गट वेगळे असल्याचा आहे, एक असल्याचा नाही! एक कारण पडलं की लगेच दुसरं पुढे करणाऱ्याशी वाद घालू नये असं माझं मत आहे. त्याला कारणाची गरजच नसते.

तुम्ही म्हणाल, एवढं करून वडील बदलतील का? बहुतेक नाही, निदान तुमच्या समोर तरी नाही. टिळक आणि आगरकर कॉलेजपासूनचे मित्र, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले, तासन्‌तास वाद घातले आणि तरी फाटलंच. आगरकर केसरीतून बाहेर पडले, १८८८ साली त्यांनी सुधारक हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं. १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलींचं शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या, कायद्यावर दोघं समोरासमोर उभे होते, आगरकर बाजूने आणि टिळक विरोधात. दोघांपैकी कुणी दुसऱ्याचं मत बदलू शकला नाही. आगरकरांची तर जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा काढली लोकांनी. पण दोन्ही पत्रं विकत घेऊन वाचणारा जो तिसरा माणूस होता, त्याच्यापुढे दोन्ही बाजू छापील शब्दांत आल्या. चर्चेचा फायदा बरेचदा त्या तिसऱ्यालाच होतो. तुमच्या घरात स्वयंपाकघरातून ऐकणारी आई किंवा बारावीतला भाऊ आहे ना, त्यांच्यासाठी बोला. आवाज आपोआप खाली येतो.

सगळंच तर्काने ठरवावं असं मात्र मला वाटत नाही. वारीला जाणाऱ्या माणसाला मी पुरावा मागत नाही, कारण तो माझ्यापुढे कुठला दावा करत नाही, चालतो फक्त. माझंही गाण्याचं, माणसांचं प्रेम कुठल्या कसोटीला लावलेलं नाही. जिथे दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय त्या श्रद्धेवर टांगलेला असतो, तिथे कारण मागायचा हक्क येतो. तुमच्या लग्नाच्या बाबतीत तो तुम्हाला आहे. दाभोलकरही देवधर्माला सरसकट विरोध करत नव्हते, फसवणूक आणि शोषण एवढंच बोट दाखवून सांगत होते. त्यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा ते कित्येक वर्षं मागत होते, तो त्याच वर्षी डिसेंबरात झाला. मोकळी चर्चा फुकट मिळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तेव्हा वडिलांशी "ज्योतिष" या विषयावर बोलू नका, एका दाव्यावर बोला. "माझ्या पत्रिकेत नेमका कोणता दोष आहे, त्याने काय होतं, आणि आपल्या ओळखीत तसं न झालेली किती जोडपी दिसली तर तुम्ही हा हट्ट सोडाल?" आकडा त्यांनाच सांगू द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. तुमचाही आकडा सांगा, म्हणजे किती उदाहरणं उलटी निघाली तर तुम्ही पत्रिका बघायला तयार व्हाल. हे सांगताना तुम्हाला जड जाईल, मलाही गेलं होतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे करू नका, तिथे वीस जण बघत असले की कुणीच माघार घेत नाही. आणि मुलाकडची मंडळी बघायला येणार त्या दिवशी तर अजिबात नको.