लेकीचं कार्ड, आईची खरेदी

प्रश्न: ताई, मी ठाण्याला नौपाड्यात राहते, पुढच्या महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला चाललेय. ती दिवसभर ऑफिसात, मग तिचं मेंबरशिप कार्ड घेऊन मी एकटीच कॉस्टकोत, म्हणजे तिथल्या मेंबरांसाठीच्या मोठ्या दुकानात, गेले तर चालेल का?

उत्तर: नाही हो काकू, कार्डावर लेकीचा फोटो असतो. तिच्यासोबत पाहुणी म्हणून खुशाल जा, पण बिल तिनेच भरायचं. एकटीला जायचंच असेल तर तिला कॉस्टकोचं शॉप कार्ड, म्हणजे आधीच पैसे भरलेलं कार्ड, घेऊन ठेवायला सांगा, त्यावर मेंबर नसलेल्यालाही खरेदी करता येते, मला हेच बरं वाटतं. सोबत गेलात आणि लेक क्रेडिट कार्डाने बिल भरणार असेल तर तिला व्हिसाचंच न्यायला सांगा, तिथल्या दुकानात मास्टरकार्ड क्रेडिट घेत नाहीत. आणि बिल लगेच पर्समध्ये कोंबू नका, बाहेर पडताना दारात तपासतात. बदामाची पिशवी 3 पौंडांची, म्हणजे जवळजवळ 1.36 किलो, तेव्हा परतीच्या बॅगेचं वजन आधी बघा!