प्रश्न तुमचे: चार चॅनल म्हणजे चार स्पीकर नव्हेत

प्रश्न: आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव चार कॅप्सूलच्या (आवाज टिपणाऱ्या चार तबकड्यांच्या) माइकवर अँबिसॉनिकमध्ये, म्हणजे आवाजाच्या दिशेसकट, रेकॉर्ड केला. माइक मध्ये, पथक भोवती गोलात. चार चॅनलची वेव्ह फाइल वेब ऑडिओने (ब्राउझरच्या आवाज हाताळणाऱ्या सोयीने) आमच्या वेबपेजवर लावली. हेडफोनवर समोरचा ताशा ठीक वाजतो, मागचे ढोल मात्र पोकळ वाटतात आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यातला ढोल उजव्या कानात येतच नाही. फाइल बिघडली का?

उत्तर: फाइल ठीक आहे, ब्राउझर ती चुकीची वाचतोय. चार चॅनल दिसले की तो ते चार स्पीकरचे धरतो: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. हेडफोनला दोनच चॅनल लागतात, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्याची निम्मी बेरीज डाव्या कानाला, दुसऱ्या आणि चौथ्याची उजव्या कानाला.

पण अँबिएक्स या अँबिसॉनिकच्या नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये चॅनलचा क्रम असतो डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. डब्ल्यू म्हणजे सगळ्या दिशांनी सारखा टिपलेला आवाज. एक्समध्ये पुढे-मागे, वायमध्ये डावं-उजवं, झेडमध्ये वर-खाली. म्हणजे तुमच्या डाव्या कानात डब्ल्यू अधिक झेड आणि उजव्यात वाय अधिक एक्स वाजतंय. मागच्या ढोलाचा एक्स उणे असतो, त्यामुळे दोन्ही कानांत तोच आवाज उलट्या फेजमध्ये (एका कानात लाटेचा चढ, तेव्हा दुसऱ्यात उतार) पोचतो आणि पोकळ लागतो. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, ४५ अंशांवर, एक्स जितका अधिक तितकाच वाय उणे. बेरीज शून्य, म्हणून उजवा कान रिकामा. तुम्ही दोष अगदी नेमका ऐकलात.

मध्ये डिकोडर हवा, म्हणजे हे चार चॅनल कानांसाठी किंवा स्पीकरसाठी बदलून देणारा प्रोग्रॅम. गुगलचं ऑम्निटोन खुलं आहे आणि हेडफोनसाठी पुरेसं आहे. सोर्स नोड (फाइल वाजवणारा भाग) डेस्टिनेशनला (शेवटच्या आउटपुटला) न जोडता ऑम्निटोनच्या फर्स्ट ऑर्डर, म्हणजे चार चॅनलच्या, रेंडररला जोडा आणि रेंडररचं आउटपुट डेस्टिनेशनला. रेंडरर इनिशियलाइझ झाल्याशिवाय प्ले करू नका. तोवर कानाचे फिल्टर (आवाज कोणत्या दिशेने आला ते कानाला भासवणारे) भरलेले नसतात. ऑडिओ कॉन्टेक्स्ट (वेब ऑडिओची चालू यंत्रणा) वाचकाने बटण दाबल्यावरच रिझ्यूम करा, नाहीतर ब्राउझर तो थांबवून ठेवतो आणि काहीच वाजत नाही. मध्ये स्वतःचा गेन नोड (आवाज कमी-जास्त करणारा भाग) घालणार असाल तर त्याचं चॅनल इंटरप्रिटेशन ‘डिस्क्रीट’ ठेवा, म्हणजे तो चॅनल स्पीकरचे धरत नाही.

रेकॉर्डिंग अँबिसॉनिकच्या जुन्या फ्युमा पद्धतीचं असेल तर क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असतो आणि डब्ल्यू ३ डेसिबलने कमी असतो. तेव्हा ऑम्निटोनला चॅनल मॅप (कोणता चॅनल कितव्या जागी न्यायचा ती यादी) ०, ३, १, २ द्या आणि डब्ल्यू १.४१४ पट करा.

प्रश्न: वेव्ह फाइल फार जड होते. दाबून लहान केली तर चालेल?

उत्तर: चालेल, पण जपून. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, चार चॅनल म्हणजे मिनिटाला सुमारे २३ एमबी. उघडल्यावर ब्राउझरच्या मेमरीत त्याचे दुप्पट होतात. ओपस या दाबलेल्या प्रकारात चॅनलमागे सेकंदाला ६४ किलोबिट धरले तर मिनिटाला दोन एमबीच्या आत बसतं. मात्र एन्कोड करताना मॅपिंग फॅमिली (चॅनल कसे मांडायचे ती ओपसची सेटिंग) २५५ निवडा, म्हणजे प्रत्येक चॅनल स्वतंत्र राहतो. एरवी एन्कोडर चॅनलच्या जोड्या लावतो, त्यांच्यातलं फेजचं नातं बिघडतं आणि दिशा पुसट होतात. एएसी या दुसऱ्या दाबलेल्या प्रकारात चार चॅनलचा क्रम सफारी ब्राउझरमध्ये वेगळा निघतो. त्यासाठी ऑम्निटोनमध्ये २, ०, १, ३ असा मॅप दिलेला आहे.

फाइल चढवण्याआधी एक छोटी चाचणी हमखास करा. माइकभोवती फिरत ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘मागे’, ‘उजवीकडे’ असं बोलून रेकॉर्ड करा आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये ऐका. क्रमाची चूक असेल तर लगेच कळते. ढोलाच्या गजरात ती लपून जाते.

प्रश्न: हेडफोनऐवजी हॉलच्या चार कोपऱ्यांतल्या स्पीकरवर ऐकवायचं आहे. ब्राउझरातून जमेल?

उत्तर: जमेल, आणि गणित सोपं आहे. स्पीकर चौरसात असतील तर अँबिएक्ससाठी प्रत्येकाला पाव पट द्या: पुढचा डावा डब्ल्यू + एक्स + वाय, पुढचा उजवा डब्ल्यू + एक्स − वाय, मागचा डावा डब्ल्यू − एक्स + वाय, मागचा उजवा डब्ल्यू − एक्स − वाय. झेड सोडून द्या. आधी डेस्टिनेशनचा मॅक्स चॅनल काउंट, म्हणजे जास्तीत जास्त किती चॅनल बाहेर जातात ते, तपासा. तो २ आला तर कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये स्टिरिओच निवडलेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे क्वाड (चार स्पीकर) किंवा ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफर) करा. ५.१ केलंत तर चॅनल काउंट ६ ठेवून मागचे दोन स्पीकर ० पासून मोजून ४ आणि ५ क्रमांकांवर जोडा. २ आणि ३ वर मधला स्पीकर आणि सबवूफर असतात.