बाल-पोटविकाराच्या डीएमला लागताना

एमडी पीडियाट्रिक्सनंतर नीट-एसएस या प्रवेश परीक्षेतून तीन वर्षांच्या डीएमला (सुपर-स्पेशालिटी पदवीला) जागा मिळाली, की बहुतेकांचं लक्ष स्कोपकडे, म्हणजे एंडोस्कोपीच्या दुर्बिणीकडे, लागतं. स्कोपवर हात बसेलच. आधी कावीळ झालेलं तान्हं बाळ बघायला शिका.

बाळ 14 दिवसांचं झालं तरी पिवळं दिसत असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून पित्तात जाणारं पिवळं द्रव्य) रक्तात किती आहे ते मागवाच. ते डेसिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर असेल तर 'आईच्या दुधाची कावीळ' म्हणून घरी पाठवू नका. शीचा रंग आईला विचारून थांबू नका, लंगोट स्वतः बघा. शी पांढुरकी असेल तर बिलिअरी अट्रेसिया (पित्तनलिका बंद असण्याचा आजार) डोक्यात हवाच. कसाई ऑपरेशन (कसाई या जपानी सर्जनच्या नावाचं, आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करणारं) बाळ 60 दिवसांचं होण्याच्या आत झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. घात होतो तो एक रिपोर्ट आल्यावर दुसरी तपासणी पाठवण्यात. आठवडे निघून जातात. सगळ्या तपासण्या एकदम सुरू करा. लिव्हर बायोप्सीआधी (यकृताचा तुकडा तपासायला काढण्याआधी) आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, बघा, वाढलेला असेल तर व्हिटॅमिन के द्या.

या बाळांचं वजन वाढत नाही, कारण पित्ताविना चरबी पचत नाही. म्हणून एमसीटी तेल (पित्ताविनाही शोषलं जाणारं तेल), ए-डी-ई-के जीवनसत्त्वं आणि नेहमीच्या किमान सव्वापट कॅलरीज. आहारतज्ज्ञाशेजारी बसून हा हिशेब स्वतः मांडा, तो दुसऱ्यावर सोडण्यासारखा नाही.

सीलिअ‍ॅकचा (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा) संशय असेल तर तपासण्या होईपर्यंत पोळी बंद करू नका. टीटीजी या सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीसोबत एकूण आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीचं प्रमाण) हवंच. ते कमी असेल तर टीटीजी खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. बायोप्सीत ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) जठरापासून लांबच्या टोकाकडून किमान 4 तुकडे, बल्बमधून (त्याच्या जठरालगतच्या सुरुवातीतून) किमान 1.