परदेशात श्रद्धेपायी तुरुंगात असलेल्या ख्रिस्ती लोकांना इथून मदत करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ख्रिस्ती नाही, पण पाकिस्तानातल्या आसिया बीबीबद्दल वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. केवळ श्रद्धेमुळे परदेशात आत टाकलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी महाराष्ट्रात बसून खरंच काही करता येतं, की मेसेज पुढे ढकलून हळहळायचं एवढंच?

करता येतं. थोडंच, पण येतं. आणि त्या थोड्यातलंही निम्मं काम म्हणजे आपल्या उत्साहापायी आतल्या माणसाचं वाईट होऊ न देणं.

मी वसईचा. जन्माने कॅथलिक, बँकेतून निवृत्त. बारा-तेरा वर्षं झाली, चर्चच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा आम्ही चार-पाच जण बसतो आणि कार्डं लिहितो. संस्था नाही, बॅनर नाही. एक वही आहे, तिच्यात नावं आणि तारखा. या विषयातलं मला जे कळतं ते तिथलंच.

आसिया बीबीपासून सुरू करतो, कारण तुम्हीही तिथूनच आलात. जून २००९. पाकिस्तानी पंजाबातल्या शेखूपुरा जिल्ह्यातलं इटांवाली गाव. बायका शेतात फालसे तोडत होत्या. उन्हाचं आसियाने पाणी आणलं, आणि ख्रिस्ती बाईच्या हातचं पाणी आम्ही पिणार नाही म्हणून इतरजणी अडून बसल्या. पंजाबातले बरेच ख्रिस्ती मूळचे तिथल्या सफाई करणाऱ्या जातींतले. महाडचं चवदार तळं ज्याला माहीत आहे त्याला हा विटाळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भांडण पाण्यावरून झालं, गुन्हा मात्र ईशनिंदेचा नोंदला गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये फाशीची शिक्षा. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. दोन महिन्यांनी अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शहबाज भट्टी गेले, तेही गोळ्यांनीच. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तिला निर्दोष सोडलं आणि मे २०१९ मध्ये ती कॅनडाला पोचली.

यातले भट्टी ख्रिस्ती. पण तासीर मुसलमान, शेवटपर्यंत खटला लढवणारे वकील सैफ-उल-मलूक मुसलमान, तिला सोडणारे तिन्ही न्यायाधीश मुसलमान. म्हणून कोणी हा विषय ‘ते विरुद्ध आपण’ असा मांडायला लागला की मी उठून चहा सांगायला जातो. शिवाय मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं काय करणार? तो देश बहुतांशी ख्रिस्ती, आणि तिथल्याच सरकारने बिशप रोलांदो आल्वारेझ यांना आत टाकलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजकीय कैदी विमानात घालून अमेरिकेला धाडले, तेव्हा हे विमानात चढायलाच तयार झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी २६ वर्षांची शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये शेवटी त्यांना व्हॅटिकनला पाठवून दिलं.

आसिया तुरुंगात असताना आमच्यातल्या एकाने विचारलं होतं, तिला कार्ड लिहूया का? तेव्हाचे आमचे फादर शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. ईशनिंदेची आरोपी, बाहेर तिला मारायला टपलेले लोक, आणि तिच्या नावावर भारताचं तिकीट लावलेलं पाकीट! तिच्यावर हेरगिरीचाही आळ आणायचाय का तुम्हाला? आम्ही गप्प बसलो. तेव्हापासून पाकिस्तानातल्या कैद्यांसाठी आमच्याकडून थेट काहीही जात नाही. तिथे मदत करायची तर खटला चालवणाऱ्या वकिलांना आणि घरच्यांना आधार देणाऱ्या, दुसऱ्या देशांतून काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्यामार्फतच. कोणत्या देशातल्या कैद्याला कोणत्या देशातून पत्र गेलेलं चालेल, हा प्रश्न पहिला विचारायचा. आपलं मन किती भरून आलंय हा नंतरचा.

माझं स्वतःचं पहिलं पत्र इराणमधल्या एका पास्टरसाठी होतं. मी तीन पानं लिहिली. तुमच्यावर होणारा अन्याय, तुमचं धैर्य, जगाचे डोळे तुमच्याकडे लागलेत, असलं सगळं. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाय म्हणतो. बायने लाल पेन काढलं आणि जवळजवळ सगळं खोडलं. म्हणाल्या, "हे त्याच्यासाठी लिहिलंयस की स्वतःसाठी?" उरल्या त्या तीन ओळी: तुमची आणि तुमच्या मुलांची रोज आठवण काढतो, आमच्याकडे पाऊस सुरू झालाय, प्रभू तुमच्याबरोबर असो.

तेव्हा चेहरा पडला होता, आता कळतं. तुरुंगातलं पत्र आधी दुसराच कोणीतरी वाचतो. त्यामुळे सरकारबद्दल, खटल्याबद्दल, त्या देशाच्या धर्माबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. ज्या संस्थेकडून आपल्याला कैद्याचं नाव कळलं तिचा उल्लेख नाही, पैशांचा तर नाहीच. स्वतःचं पहिलं नाव लिहायचं, घरचा पूर्ण पत्ता टाकायचा नाही. पत्र छोटं हवं आणि शक्यतो पाकिटाऐवजी चित्राचं कार्ड, म्हणजे उघडून संशय घ्यायला काही उरत नाही. आम्ही होडी, भातशेती, पक्षी अशी चित्रं निवडतो. कैद्याच्या भाषेतली दोन वाक्यं जाणकाराकडून लिहून घ्यावीत. मोबाइलमधल्या भाषांतरावर विसंबू नये, ‘प्रभू’चं ‘मालक’ होऊन बसतं. पत्ता त्या देशाच्या लिपीत छापून चिकटवावा. आणि पत्ता अलीकडचा आहे ना हे दर वेळी तपासावं, कारण कैदी हलवले जातात. आमची दोन कार्डं फिरून परत आली, ती बायने वहीतच चिकटवून ठेवली आहेत.

उत्तर? नाही येत. एवढ्या वर्षांत एकदाच आलं, तेही कैद्याचं नव्हे, त्याच्या बहिणीचं, तिसऱ्याच देशातून, दोन ओळींचं. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही.

मग उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. पत्रांनी तुरुंगाचे दरवाजे उघडतात असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या नावावर टपाल येतं त्या कैद्याची बाहेर चौकशी आहे, एवढं तुरुंगाधिकाऱ्याला कळतं. ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेची सुरुवातच या हिशोबावर झाली. मे १९६१ मध्ये पीटर बेनेन्सन या ब्रिटिश वकिलाने वर्तमानपत्रात विसरलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. त्यात ज्यांची नावं होती त्यांत प्रागचे आर्चबिशप बेरान होते आणि अंगोलाचे कवी अगोस्तिन्यो नेतोही. वेगवेगळ्या मतांचे कैदी एकाच यादीत. मला ही पद्धत पटते. फक्त आपल्याच माणसांसाठी ओरडणाऱ्याचं फार दिवस कोणी ऐकत नाही.

सोव्हिएत कवयित्री इरिना रातुशिन्स्काया यांचंही उदाहरण घ्या. श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. कवितांपायी १९८३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी. कागद मिळेना म्हणून साबणाच्या वडीवर काडीने कविता कोरायची, पाठ करायची आणि हात धुवून टाकायची. तिकडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका अँग्लिकन धर्मगुरूने १९८६ चा ईस्टरआधीचा अख्खा उपवासकाळ चर्चमध्ये उभारलेल्या कोठडीत काढला, तिच्या कैदेतल्यासारखं खाऊन. लोक बघायला येत आणि जाताना पत्र लिहून जात. ऑक्टोबर १९८६ मध्ये, अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या रेक्याविक भेटीच्या तोंडावर, तिला सोडलं. त्या धर्मगुरूमुळेच सोडलं असं नाही. पण भेटीच्या आधी कोणतं नाव पुढे येणार, हे ते नाव आधीपासून कोण घेत होतं यावर ठरतं.

जिथे पत्र पोचतच नाही असेही देश आहेत. आफ्रिकेतला एरिट्रिया त्यातला सगळ्यात वाईट. २००२ मध्ये सरकारने ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम एवढे चार सोडून बाकीच्यांची प्रार्थनास्थळं बंद केली. हेलन बेरहाने ही भक्तिगीतं गाणारी गायिका २००४ मध्ये पकडली गेली आणि दोन वर्षांहून जास्त काळ आत राहिली, त्यातला बराचसा मालवाहू जहाजांच्या लोखंडी कंटेनरमध्ये. दिवसा भट्टी, रात्री गारठा. मान्यता असलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख अबुने अँटोनियोस यांनाही सरकारने पदावरून काढलं, आणि २०२२ मध्ये ते नजरकैदेतच वारले. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे तीन जण तर सप्टेंबर १९९४ पासून डिसेंबर २०२० पर्यंत आत होते. २६ वर्षं, खटला नाही. आमच्या चर्चमधल्या काहींना यहोवावाल्यांचं नाव काढलं तरी कपाळावर आठी पडते. मी त्यांना २६ हा आकडा सांगतो. अशा देशांसाठी दिल्लीतल्या वकिलातीला नम्र, एका पानाचं पत्र पाठवायचं. अमुक व्यक्ती कुठे आहे, तिची तब्येत कशी आहे, घरच्यांना भेटता येतं का, एवढंच विचारायचं. दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

पैशांबद्दल बँकवाला म्हणून सांगतो. परदेशी संस्थेला देणगी देणं बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात भेट आणि देणगीही येते. पॅन लागतो, ए-२ फॉर्म भरावा लागतो. आयकरातली ८०जीची सवलत मिळणार नाही. लोक यात एफसीआरएचा गोंधळ घालतात, तो कायदा परदेशातून पैसा घेण्यासंबंधी आहे. पण कैद्याच्या नावाने कोणी थेट खात्यात पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, मग तो कितीही ‘ब्रदर’ म्हणवत असो.

आणि ते मेसेज. अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या फाशी आहे, ताबडतोब प्रार्थना करा आणि पुढे पाठवा, हा तुम्हालाही आला असेल. आमच्या ग्रुपवर तो वर्षाआड उगवतो. २००७ मध्ये तालिबानने २३ दक्षिण कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना खरंच पळवलं होतं, दोघांना मारलं, बाकीचे २१ त्याच वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. एवढ्या खऱ्या दुःखाचा हा असा न संपणारा ‘उद्या’ झालाय. लोकांची कळकळ यात वाया जाते, आणि खरं नाव घेऊन गेलात की त्यांना वाटतं हाही फॉरवर्डच.

बाहेरून आलेली छोटी वस्तू आत काय करते, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण व्हिएतनामचं. बिशप व्हान थुआन १९७५ मध्ये पकडले गेले, तेरा वर्षं आत, त्यातली नऊ एकांतवासात. सुरुवातीला घरून गरजेच्या वस्तू मागवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी लिहिलं, पोटदुखीवरचं औषध म्हणून थोडी वाइन पाठवा. लोकांना बरोबर कळलं. ‘पोटदुखीचं औषध’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली आली, आणि टॉर्चमध्ये लपवून मिस्सेची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, भाकर. तळहातावर तीन थेंब वाइन आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा करायचे. चिठ्ठी लावणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. मला ती माणसं फार जवळची वाटतात.

वसईकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा गोन्सालो गार्सिया, ज्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, तोही परदेशातला कैदीच. जपानमध्ये पकडला गेला, क्योतोत कान कापला, ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर मारला. लहानपणापासून सणाला ऐकत आलो, एकूण २६ हुतात्मे. पण निघाले तेव्हा ते २४ होते. वाढलेले दोघे म्हणजे वाटेत कैद्यांची सेवा करायला सोबत निघालेले पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस नावाचा एक सुतार. पहारेकऱ्यांनी त्यांनाही रांगेत घातलं. आपल्याला तीन ओळी लिहून टपालपेटीपर्यंत चालत जायचंय, त्यासाठी अजून तरी आपल्याला कोणी रांगेत घालत नाही.

तुम्ही ख्रिस्ती नाही याने काही अडत नाही. उलट वकिलातीला जाणाऱ्या पत्राखाली जोशी, शेख, कांबळे अशा सह्या असल्या तर ते चर्चचं पत्रक वाटत नाही. सुरुवात एकाच नावाने करा. पाच नावं घेतलीत तर तीन महिन्यांत सगळ्यांनाच लिहिणं बंद पडेल. आमचं तेच झालं होतं. आणि नाताळला कार्ड पोचावं असं वाटत असेल तर ते ऑक्टोबरमध्येच टाका, डिसेंबरात टपाल तुंबतं.