वाचक विचारतात : पहिली रायफल वाइल्डकॅट असावी का?

प्रश्न : कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ६.५-०६ वाइल्डकॅट (प्रचलित काडतूस बदलून हौशींनी घडवलेलं काडतूस) चालवणारी रायफल बनवून घेऊ का?

उत्तर : मी बारा वर्षं तीच वापरतोय, तरी पहिली रायफल म्हणून नको. तयार काडतूस मिळणं अवघड. ते स्वतःच बनवावं लागतं : .३०-०६ या सर्रास मिळणाऱ्या काडतुसाच्या केसची (पितळी कवचाची) मान, म्हणजे गोळी धरणारं टोक, डाय नावाच्या साच्यात आवळायची, मग बंदुकीची दारू तोलून भरायची. आवळताना मानेचं पितळ जाड होतं. ते मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय मी एकही काडतूस भरत नाही, कारण जाड मान चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीत) अडली की दाब भयंकर वाढतो.

एकदा विमान बदलताना माझी काडतुसांची पेटी मागे राहिली. गावातल्या दुकानात .३०-०६ चे ढीग, माझं एकही नाही. पाच दिवसांच्या हंगामातले दोन दिवस गेले.

तुम्ही .२८० ॲक्ली इम्प्रूव्हड काडतुसाची रायफल घ्या. ते काडतूसही मुळात वाइल्डकॅटच, पण २००७ पासून प्रमाणित. तयार काडतुसं मिळतात.