सर कडक आहेत, पेपर घेऊ का?

ऐच्छिक पेपर निवडायची वेळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी दारात निघालेला साप, सोयाबीनवरच्या गोगलगायी, आजीची शुगर असले प्रश्न असतात. सध्या मात्र सगळे सरांबद्दल विचारतायत. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. प्राध्यापकांची, कॉलेजांची नावं काढली आहेत. ती कळवा म्हणून कुणी फोन करू नये.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव केजजवळ. पुढच्या सेमिस्टरला दोनातला एक पेपर निवडायचा आहे. जेनेटिक्सचे सर नोट्स देत नाहीत, प्रॅक्टिकलला सकाळी सहाला बोलावतात, जर्नल परत फेकतात आणि इंटर्नलला हात आखडता ठेवतात. दुसऱ्या पेपरच्या मॅडम नोट्स लिहून देतात, मार्कही सढळ. सिनियर म्हणायलेत, सरांच्या नादी लागू नको. काय करू?

उत्तर : सिनियरला एकच विचार, सरांच्या प्रॅक्टिकलला तू स्वतःच्या हातानं काय केलंस? मार्क किती पडले हे जो तो सांगतो. हातानं काय केलं म्हटलं की निम्मे गप्प होतात. जे बोलतील त्यांचं ऐक, बाकीच्यांचं सोडून दे.

सकाळी सहाचं आधी सांगते, कारण त्यात सरांचा काही हात नाही, सगळं माशीचं आहे. जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला फळमाशी असते, ड्रोसोफिला. कोशातून निघालेली मादी पहिले आठेक तास नराला जवळ येऊ देत नाही. एकदा संग झाला की ती शुक्राणू पोटात साठवून ठेवते. मग तिच्या बाटलीत तू कुठलाही नर सोड, पिल्लं कुणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माश्या निघतात त्याही पहाटे पहाटेच. म्हणून रात्री बाटली रिकामी करायची आणि उजाडताच नव्या माद्या वेगळ्या काढायच्या. अकराला चहा पिऊन आलीस तर क्रॉस, म्हणजे ठरवून लावलेली नर-मादीची जोडी, गेला.

मी शिकले तेव्हा आम्हालाही असेच एक सर होते. मार्च संपला की खरी परीक्षा सुरू व्हायची. या माशीला पंचवीस अंश मानवतात, तिशीच्या आसपास नर वांझ व्हायला लागतात, आणि आपल्याकडे एप्रिलात रात्रीसुद्धा खोलीत तेवढं असतं. एसी कुठला? मोठ्या रांजणात ओली वाळू, वाळूत बाटल्या, वरून पोतं. पोतं वाळू द्यायचं नाही, यासाठी पाळ्या लावलेल्या. माश्यांचं खाणं आम्हीच शिजवायचो. मक्याचं पीठ, गूळ, अगर, यीस्ट. बुरशी लागू नये म्हणून वरून प्रोपिऑनिक ॲसिडचे थेंब. तो आंबूस वास ओढणीला असा बसायचा की मेसमध्ये शेजारी कुणी बसेना.

मोजणी पांढऱ्या टाइलवर. इथरनं झोपवलेल्या माश्या बारीक ब्रशनं एकेक सरकवायच्या. राखी अंगाची की काळी, पूर्ण पंखांची की खुरट्या पंखांची. इथर जास्त झालं तर पंख अंगापासून वर उभे राहतात. ती माशी मेली समजायचं. आमच्या वर्गातल्या एकानं जर्नलमध्ये आकडे लिहिले : ९०, ३०, ३०, १०. मेंडेलच्या नियमानं दोन गुणांच्या क्रॉसमध्ये नातवंडांत येतं ते नऊ-तीन-तीन-एक, अगदी तंतोतंत. सरांनी तिथल्या तिथे जर्नल परत केलं. दुसऱ्या एका मुलीचे होते ९४, २७, ३१, ८. तिला काय-स्क्वेअर, म्हणजे आकडे नियमापासून किती हटलेत त्याचं माप, काढायला लावला. आला ०.९१. तीन डिग्री ऑफ फ्रीडमला मर्यादा ७.८१५ ची, म्हणजे मेंडेलला बाधा नाही. तिच्या जर्नलवर सही झाली. पहिला पोरगा भांडत होता की माझं उत्तर जास्त बरोबर आहे! सरांनी त्याला एवढंच विचारलं, तुझ्या बाटलीत मेलेल्या किती होत्या? त्याला सांगता येईना. पुस्तकातलं गुणोत्तर पाठ असणं वेगळं आणि माश्या मोजलेल्या असणं वेगळं, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला न शिकवता कळलं. तुझ्या सरांनी जर्नल परत फेकलं ते कशासाठी, याची चौकशी कर. आकड्यांसाठी असेल तर चांगलंच आहे.

पण त्याच सरांचे दुसरेही नियम होते. आकृती एचबी पेन्सिलनंच काढायची. पाच मिनिटं उशीर झाला की तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. ते बोलत असताना पाण्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. यातल्या कशानंही माशीचं बरंवाईट होत नव्हतं. कडक सर म्हणजे चांगले सर, हा आपल्याकडचा फार जुना समज. मला तो पटत नाही. कडकपणा विषयाला लागतो म्हणून आहे की साहेबांना लागतो म्हणून, एवढं बघ. पहिला सोस, दुसरा असेल तर पेपर सोडून दे.

नोट्स देणाऱ्या मॅडम वाईटच शिकवत असतील, असंही धरू नकोस. काही विषय नीट लिहून दिले तरच डोक्यात बसतात. आणि मार्कांचं म्हणशील तर प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांना खुल्या गटासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात, राखीव गटांसाठी ५०. ती कड सांभाळ, त्यावरच्या दोन-चार मार्कांसाठी जीव काढू नकोस.

राहिली एसटी. केजकडून रोज येत असशील तर सहाला पोचणं होणार नाही. सरांना सरळ सांग. हॉस्टेलच्या मुलींनी सकाळी माद्या काढायच्या, तू दुपारी मोजणी करायचीस, अशी वाटणी सगळीकडे चालते. ती करून द्यायलाही सर तयार नसतील, तर मग सिनियर म्हणतात त्यात तथ्य आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला, मानवत तालुका. आमचे सर उत्क्रांती शिकवता शिकवता बोंडअळीवर घसरतात. शेतकऱ्याच्या पोराला बोंडअळी काय शिकवायची? अख्खा तास त्यात गेला. पेपरला येणार आहे का हे?

उत्तर : येणार आहे, नाव बदलून. ‘नैसर्गिक निवड उदाहरणासह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की वर्गातली सगळी मुलं इंग्लंडातला काळा-पांढरा पतंग लिहितात. तुझ्या बांधावर त्याहून ताजं उदाहरण पडलंय.

बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आला २००२ साली, दोन जनुकांचा २००६ साली. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात, विदर्भात बोंडं आतून पोखरून ठेवली. मधल्या काळात अळी बदलली. कशी, ते सरांनी सांगितलं असेलच, तरी थोडक्यात लिहिते. ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीसोबत १२० ग्रॅमचं बिगरबीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. त्याच्यावर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुगावं आणि पुढच्या पिढीत प्रतिकाराचं जनुक एकटं पडावं, हा हिशोब. ते जनुक अप्रभावी असेल तर एकट्यानं अळीला वाचवता येत नाही. आता तुझ्या घरी त्या पाकिटाचं काय व्हायचं, ते वडिलांना विचार. बहुतेक घरांत ते बांधावर पडायचं, कारण ‘त्याला कीड लागते’. अरे, कीड लागावी म्हणूनच तर दिलं होतं! त्यात या अळीला कापूस सोडून फारसं काही चालत नाही, आणि आपण फरदड घेऊन, म्हणजे वेचणी झालेला कापूस न उपटता पुन्हा पाणी देऊन, मार्च-एप्रिलपर्यंत तिला वाढत राहतो.

शेतकऱ्याच्या पोराला बोंडअळी माहीत असते हे खरं. पण तिच्यात मेंडेल आणि डार्विन दोघं बसलेत, हे कुणी तरी दाखवावं लागतं. तुझ्या सरांनी ते दाखवलं. एक तास महाग नाही.

तक्रारीची एक बाजू मात्र मान्य. उदाहरणाच्या नादात शेवटचा युनिट राहिला तर बॅक तुमची लागते, सरांची नाही. वर्गातल्या दोघा-तिघांनी मिळून सिलॅबसची यादी सरांच्या टेबलावर ठेवा आणि काय राहिलंय ते नम्रपणे विचारा. बहुतेक सर रागावत नाहीत.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला पालक आहे. मुलगी बायोटेक्नॉलॉजीला आहे. तोंडी परीक्षेत तिनं मराठीत उत्तर दिलं म्हणून प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, कुठून कुठून येतात, गावातच राहायचं ना. पोरगी घरी आली ती परत जायचं नाव घेईना. तिची आई म्हणते, स्थळ बघा. मला तिला शिकवायचंय. काय करावं?

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, स्थळ बघू नका. दुसरी, यात मुलीची काही चूक नाही. वर मी कडकपणाबद्दल पुष्कळ लिहिलं, पण हे कडक शिकवणं नव्हे, हा पाणउतारा आहे. इंग्रजी सुधारायला हवं असं सांगायचे दहा मार्ग आहेत, त्यात गाव काढायची गरज पडत नाही.

तिला म्हणावं, जे झालं ते तारखेसकट एका कागदावर लिही, कोण कोण हजर होतं तेही. आधी विभागप्रमुखांना भेटा. मुलीसोबत तुम्ही जा, पण बोलू तिला द्या. बऱ्याचदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा असतो. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साधा कागद दिला तर ‘मिळालाच नाही’ म्हणतात.

आता इंग्रजीचं. तोंडी परीक्षेत पन्नासेक प्रश्नच फिरून फिरून येतात. पीसीआरचे तीन टप्पे कोणते, जेलवर डीएनए कोणत्या टोकाकडे सरकतो आणि का, ऑटोक्लेव्ह किती तापमानाला. मुलीला ते आधी मराठीत कुणाला तरी समजावून सांगू द्या, तुम्हालाच सांगू दे. मग तीच उत्तरं दोन-दोन ओळींच्या इंग्रजीत, मोठ्यानं, रोज. डीएनएवर ऋण भार असतो म्हणून तो धन टोकाकडे जातो, हे जिला मराठीत सांगता आलं तिला इंग्रजीत चार शब्द जुळवणं जड जात नाही. उलटं मात्र होत नाही. फाडफाड इंग्रजीत ‘टुवर्ड्स ॲनोड’ म्हणणाऱ्या मुलांना मी ‘का?’ विचारलं की छताकडे बघतात.

मुलगी हॉस्टेलला परत गेली की मला कळवा.

प्रश्न : एका सरांच्या पेपरवर नेट निघते, असं विभागात बोललं जातं. क्लास लावायचा की सरांचा पेपर घ्यायचा? – लातूर

उत्तर : एका पेपरवर नेट निघत नाही. लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमात तेरा युनिट आहेत, जैवरसायनापासून वर्तनापर्यंत. १४५ प्रश्नांतले ७५ सोडवायचे, २०० गुण, तीन तास. खरी मारामारी भाग ‘क’ मध्ये. तिथे ७५ पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुण, चुकलं की एक जातो. त्या भागात प्रयोग देतात, आलेख देतात आणि निष्कर्ष विचारतात. तुमचे सर वर्गात आलेख फळ्यावर काढून ‘यातून काय दिसतं?’ असं विचारत असतील तर पेपर घ्या. क्लासची फी घरच्यांना झेपत असेल तर नंतरही लावता येईल.

प्रश्न : सर हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी बघायला नेतात. फील्ड रिपोर्टला मार्क आहेत. घरचे म्हणतात, पोरींना सहली कशाला? – वसमतची विद्यार्थिनी

उत्तर : सूचना फलकावर लागलेल्या नोटिशीचा फोटो काढून घरी दाखव. ‘सहल’ म्हणूच नकोस, प्रॅक्टिकल म्हण, कारण ते तेच आहे. सोबत मॅडम कोण आहेत आणि गाडी किती वाजता परत येणार, हे आधीच सांग. घरच्यांना तेवढंच हवं असतं.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, तिथलं पक्षी अभयारण्य १९८६ चं. पाणी उथळ आणि पसरट, म्हणून काठाला चिखल भरपूर, आणि चिखलात खाणाऱ्या पक्ष्यांची चंगळ. रोहित दिसतील, चक्रवाक दिसतील, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसतील. पण पक्ष्यांची यादी सगळ्याच मुली लिहितात, निम्म्या गाइडातून. तू पाणी किती मागं सरलंय ते लिही, गाळपेरीत, म्हणजे पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळात, काय पेरलंय, त्यात कोणता पक्षी किती वाजता उतरतो, आणि गाळपेर करणारा शेतकरी त्याबद्दल काय म्हणतो. तुमचे सर मी म्हणते तशातले असतील तर रिपोर्टचं तेच पान आधी वाचतील. विभागाच्या दुर्बिणी वर्गाला पुरत नाहीत, तेव्हा मैत्रिणीशी आधीच वाटणी ठरवून ठेव. आणि पहाटे पाण्यावरचा वारा झोंबतो, स्वेटर घे.