पायातली रक्ताची गुठळी एआयच्या मदतीने साधी नर्सही सोनोग्राफीत ओळखू शकते का?

बऱ्याच अंशी हो, पण पायाच्या खोल शिरांतल्या गुठळीपुरतंच (तिला डीव्हीटी म्हणतात). फुप्फुसात गेलेली गुठळी यात दिसत नाही, त्याला बहुतेकदा सीटी स्कॅन लागतो.

तपासणी मुळात साधी आहे. जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब (सोनोग्राफी मशीनचा त्वचेवर फिरवायचा भाग) ठेवून दाबायचं. निरोगी शीर पार चपटी होते, आत गुठळी असेल तर दबत नाही. शेजारची धमनी मात्र तशीही सहज मिटत नाही, आणि नवख्याची गफलत इथेच होते: शीर कुठली, धमनी कुठली, दाब पुरेसा पडला का? एआय एवढंच सांभाळतं. प्रोब कुठे सरकवायचा ते स्क्रीनवर दाखवतं आणि शीर पूर्ण मिटली का ते बघतं.

ऑक्सफर्ड, इम्पीरियल आणि शेफील्ड या ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थिंकसोनो कंपनीबरोबर हे तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. आशादायक होते, पण रुग्ण थोडेच.

खरा फायदा वेळेचा. गुठळीचा संशय आला की करतात ती डी-डायमर ही रक्तचाचणी गरोदरपणात, ऑपरेशननंतर, उतारवयात गुठळी नसतानाही वाढलेली येते. मग स्कॅनची वाट बघत, कधीकधी रक्त पातळ करणारं औषध उगीचच चालू करून, माणूस ताटकळतो.

आपल्याकडे अडचण वेगळीच. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४) सोनोग्राफी मशीनची नोंदणी आणि ते कोणी हाताळायचं, यावर कडक बंधनं आहेत. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी गावातल्या उपकेंद्रावरची नर्स उद्या प्रोब हातात घेईल, असं मला तरी वाटत नाही.